जेवलास का?

19 दिवस झाले होते दारू सोडून. संध्याकाळचे सात वाजलेले, खिशात पगार, आणि मी वसई स्टेशनबाहेर, वाइन शॉपच्या अगदी समोर उभा. माझ्या स्पॉन्सरला फोन लावला आणि म्हटलं, "आता राहवत नाही." त्यानं विचारलं, "जेवलास का?" असा राग आला मला! माझा इथे जीव जातोय आणि हा जेवणाचं विचारतोय. तो म्हणाला, "फोन बंद करू नकोस. वडापाव घे आणि खा." मी खाल्ला. फोनच्या काचेला तेल लागलं, ते मी शर्टाला पुसत होतो आणि पलीकडून तो सांगत होता, की पगाराच्या दिवशी तो स्वतः कुठे कुठे पडलेला सापडायचा. बायबलचं एकही वचन त्यानं मला ऐकवलं नाही. घरी पोचेपर्यंत बोलत राहिला.

मंडळी, स्पॉन्सर म्हणजे हा असा माणूस. आपल्याआधी दारूतून सुटलेला, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेच्या बारा पायऱ्या स्वतः केलेला, आणि आता आपल्यासोबत त्या पुन्हा चालणारा. तो याचे पैसे घेत नाही.

आपल्या चर्चमध्ये मला नेहमी विचारतात, "प्रार्थना आहे, फादर आहेत, कबुलीचा संस्कार आहे, मग हा आणखी एक माणूस कशाला?" उत्तर म्हणून मी डॉक्टर बॉब स्मिथ यांची गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात अ‍ॅक्रन नावाचं शहर आहे, तिथले हे सर्जन. ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती मंडळात ते दोन-अडीच वर्षं जात होते. बायबल वाचत होते, प्रार्थना करत होते, आणि पीतही होते. 1935च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचा बिल विल्सन धंद्याच्या कामासाठी अ‍ॅक्रनला आला. दारू सोडून त्याला पाच महिने झाले होते. काम फसलं. मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत तो एकटा, आणि बारमधून हसण्याखिदळण्याचे आवाज येतायत. तिथल्या चर्चच्या यादीतून त्यानं एका धर्मगुरूंना फोन केला, आपल्याला बोलायला कुणीतरी दारुडा हवा म्हणून. दुसऱ्या दिवशी, 12 मे रोजी, डॉक्टर बॉब त्याला भेटायला आले ते पंधरा मिनिटांच्या बोलीवर. उठले तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते.

बिलनं त्यांना उपदेश केला नाही. त्याआधी न्यूयॉर्कमध्ये कित्येक दारुड्यांना त्यानं उपदेश केला होता, त्यातला एकही टिकला नव्हता. या वेळी तो स्वतः वाचावा म्हणून आला होता, आणि डॉक्टरांना ते कळलं. त्यानंतरही ते एकदा घसरले. त्यांचा शेवटचा पेला 10 जूनचा. तोच दिवस अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा स्थापना दिवस मानतात.

कबुलीच्या वेळी फादर पापक्षमा देतात. स्पॉन्सर ती देऊ शकत नाही आणि त्यानं तसा आवही आणू नये. पाचव्या पायरीला आपण सगळं त्याच्यासमोर बोलतो. त्यानं ऐकायचं आणि म्हणायचं, "हे मीही केलंय." याकोब आपल्या पत्रात सांगतो, की एकमेकांजवळ पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, म्हणजे बरे व्हाल. त्यातला 'एकमेकांजवळ' हा शब्द आपण घाईत वाचून पुढे जातो.

माणूस निवडताना त्याचं बोलणं ऐका, पण त्याला स्वतःला स्पॉन्सर आहे का, हे आधी विचारा. पुरुषानं पुरुष निवडावा, बाईनं बाई. "विश्वास ठेव आणि गोळ्या बंद कर," असं सांगणारा माणूस कितीही भक्तिमान असो, त्याच्यापासून लांब राहा. रोज पिणाऱ्यानं एकदम दारू बंद केली तर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. तिथे डॉक्टरच हवा. आणि गुपित राखणारा माणूस हवा. आपल्याकडे गुपितं फुटतात ती प्रार्थनेच्या विनंतीतून: "अमक्यासाठी प्रार्थना करा हो, पुन्हा प्यायला लागलाय." सगळ्या गावाला कळतं, आणि तो माणूस पुन्हा चर्चची पायरी चढत नाही.

मी पहिल्यांदा स्पॉन्सर झालो तेव्हा फार चुकलो. त्या मुलाला उसने पैसे दिले, त्याच्या मालकाशी बोललो, त्याच्या बायकोची समजूत घातली. चार महिन्यांनी तो प्यायला, आणि मी आठवडाभर त्याच्यावर चिडून होतो. माझा स्पॉन्सर मला म्हणाला, "तू त्याचा तारणारा व्हायला निघालास. ती जागा रिकामी नाहीये, बाबा." पौल गलतीकरांना लिहितो, एकमेकांची ओझी वाहा, आणि तीनच ओळींनी पुढे म्हणतो, प्रत्येकानं आपापला भार वाहायचाय. दोन्ही खरं आहे, हे मला त्या आठवड्यात कळलं. मग मी त्या मुलाला फोन केला आणि विचारलं, "जेवलास का?"

स्पॉन्सरच घसरला तर काय, असंही विचारतात. बिल विल्सनकडे पहिल्यांदा हा मार्ग घेऊन आला तो त्याचा जुना मित्र एबी थॅचर. 1934च्या नोव्हेंबरात तो बिलच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसला आणि त्यानं पेला नाकारला. पुढे एबी स्वतः पुन्हा पुन्हा प्यायला. बिल शेवटपर्यंत त्याला 'माझा स्पॉन्सर' म्हणत राहिला.

मी आता मागच्या बाकावर बसतोय. कुणाला काही विचारायचं असेल तर तिथे या. नाव सांगायची गरज नाही.