शिवणीची मजुरी धरा

नमस्कार. चामड्याच्या पिशव्यांवर बोलायला मला बोलावलंत आणि सुट्टीची सकाळ मोडून एवढी मंडळी आलात, याचा फार आनंद वाटतो. समोर बसलेल्यांपैकी बरेच जण घरी पाकिटं, किल्ल्यांचे पट्टे, खांद्याच्या पिशव्या करणारे आहेत. कुणी नोकरीतून निवृत्त झालंय, कुणी अजून कॉलेजात आहे. छंद म्हणून हे काम आपल्या भागात वाढतंय. मला मात्र आज पिशवीपेक्षा पिशवीच्या किमतीबद्दल जास्त बोलायचंय. पण तिथं जायचं तर आधी चामड्यातून जावं लागेल.

आपण राहतो तो बेळगाव जिल्हा कातडं कमावण्याच्या दृष्टीनं विलक्षण आहे. पश्चिमेला खानापूरच्या बाजूला सह्याद्रीचं रान, तिथं हिरडा. पूर्वेला अथणीकडं काळी जमीन आणि कोरडी हवा, तिथं बाभूळ. कोल्हापुरी चपलेचं चामडं ज्या दोन गोष्टींवर कमावलं जातं त्या याच. हिरड्यानं चामड्याला फिकट पिवळसर रंग येतो, बाभळीच्या सालीनं तांबूसपणा आणि कणखरपणा येतो.

जुनी पद्धत अशी. मिठातलं कातडं धुऊन चुन्याच्या हौदात घालायचं, म्हणजे केस सैल होतात. ते काढून आतली चरबी खरवडायची आणि चुना पुन्हा धुऊन काढायचा. मग तेच कातडं शिवून त्याची पिशवी करायची, ती टांगायची आणि तिच्यात साल, हिरडा नि पाणी भरायचं. ते पाणी कातड्यातून झिरपत खाली भांड्यात उतरतं, ते परत वरून ओतायचं. पुढं पिशवी उलटी टांगायची, म्हणजे दुसऱ्या टोकालाही रस पोचतो. या सगळ्याला आठवडे जातात. क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांवर, हेच काम एखाद-दोन दिवसांत उरकतं, चामडं मऊही होतं. बाजारातल्या बहुतेक बॅगा त्याच चामड्याच्या असतात. पण त्याची कापलेली कड घासून चकचकीत होत नाही, आणि ओलं करून दिलेला आकारही ते नीट धरत नाही. हातानं शिवायच्या पिशवीला म्हणूनच साल-हिरड्यावरचं चामडं घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

ते घेताना काय बघायचं, हे मला अथणीकडच्या एका वयस्कर कारागीर मामांनी शिकवलं. मी रंग बघत होतो. ते म्हणाले, "रंगाचं नंतर बघा. आधी मुडपून बघा. पोटाकडचं कातडं लगेच सुरकुततंय, पाठीचं तसंच ऱ्हातंय." तुकडा दोन्ही हातांत धरून पोत, म्हणजे केसांकडची बाजू, आत येईल असा मुडपायचा. पोटाकडचा भाग सैल असतो, त्यावर बारीक सुरकुत्यांचं जाळं उमटतं. असा भाग खांद्याच्या पट्ट्याला वापरला तर वर्षभरात ताणून लांबतो. पट्टा कायम पाठीच्या कण्यालगतचा आणि कण्याला समांतर कापायचा. पोटाकडचं चामडंही वाया जात नाही, पिशवीच्या आतल्या खिशाला ते छान चालतं. जाडीचं म्हणाल तर पाकिटाला एक-सव्वा मिलिमीटर, पिशवीला दीड ते दोन, कमरेच्या पट्ट्याला तीन किंवा थोडी वर.

एक गोष्ट मात्र जपा. हे चामडं ओलं असताना त्याला लोखंड लागू देऊ नका. टेबलावर लोखंडी पट्टी विसरली आणि खाली ओला तुकडा असला, की पट्टीच्या कडेची निळसर-काळी रेघ त्यावर उमटते. हिरड्यातला तुरटपणा आणि लोह एकत्र आले की शाई होते. जुन्या काळी हिरडा नि लोखंडापासून काळी शाई करत, ती याच गुणावर. ताजा डाग लिंबाच्या रसानं बराच उतरतो, मुरलेला राहतो. भिजवायला प्लास्टिकचं भांडं घ्या, बकलं नि रिव्हेटा शक्यतो पितळी घ्या. आणि आपल्याकडच्या पावसात तयार पिशवी प्लास्टिकमध्ये बांधून ठेवू नका, बुरशी धरते. सुती कापडात, हवेशीर जागी ठेवा.

आता शिवण. एकच दोरा, मेण लावलेला, शिवणीच्या लांबीच्या चौपट. दोन्ही टोकांना एकेक सुई. आरीनं भोक पाडायचं, एक सुई उजवीकडून जाते, दुसरी त्याच भोकातून डावीकडून. प्रत्येक भोकात दोरा दोनदा जातो. मशीनच्या शिवणीत वरचा दोरा आणि खालचा दोरा एकमेकांत फक्त अडकलेले असतात, एक तुटला की शिवण सुटत जाते. हातच्या शिवणीत एका बाजूचा टाका झिजून तुटला तरी दुसऱ्या बाजूनं गेलेला दोरा धरून राहतो. टाके तिरके आणि एकसारखे दिसायला हवे असतील, तर प्रत्येक भोकात आधी तीच सुई घालायची, आणि ओढ दोन्ही हातांची सारखी ठेवायची. शेवटी दोन टाके मागं घेऊन दोरा कापायचा. मग शिवणीवरून हातोडी हलकीच फिरवायची, टाके चामड्यात बसतात.

पिशवी कुठं फाटते? जवळजवळ नेहमी पट्टा जिथं जोडला जातो तिथं. एका आडव्या ओळीवर सगळं ओझं देऊ नका. आतून चामड्याचा जोडतुकडा लावा आणि चौकोनात शिवा. चपलेचा पट्टा तळात शिरतो तो सांधा कारागीर कसा बांधतो, ते एकदा समोर बसून बघा. व्हिडिओत दिसत नाही इतकं त्यात आहे.

या छंदात येणारा माणूस आधी परदेशी हत्यारांची यादी करतो. माझं सांगणं, निपाणी किंवा अथणीला जा, रापी, म्हणजे चामडं कापायचं हत्यार, आणि आरी तिथं कशी धरतात, त्यांना धार कशी लावतात ते बघा, आणि शिकवणाऱ्याच्या वेळेचे पैसे द्या. चहा पाजून, दोन फोटो काढून परत येऊ नका. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, ते आठ जिल्ह्यांना मिळून: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. सीमेच्या अलीकडं आणि पलीकडं एकच विद्या आहे, हे तिथं कागदावर आलं. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं तशाच चपला दाखवल्या, तेव्हा नाव कुणाचं यावरून केवढा गदारोळ झाला, ते आपण बघितलंत. कारागिरांच्या बाजूनं आपण सगळेच बोललो, आणि ते बरोबरच होतं.

पण ही विद्या टिकवली कुणी आणि तिचं मोल काय मिळालं, हेही बोललं पाहिजे. बाराव्या शतकात कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बसवण्णांच्या (महात्मा बसवेश्वरांच्या) शरणांमध्ये, म्हणजे अनुयायांमध्ये, चपला करणारे समगार हरळय्या होते, कातडं कमावणारे डोहर कक्कय्या होते. हरळय्यांचा मुलगा आणि जन्मानं ब्राह्मण असलेल्या मधुवरसांची मुलगी यांचं लग्न झालं, त्यापायी बिज्जळ राजानं दोन्ही बापांना मृत्युदंड दिला, असं शरण परंपरा सांगते. पुढं शरण उत्तर कन्नडातल्या उळवीकडं निघाले, त्या वाटेवर कक्कय्यांनी देह ठेवला तो आपल्या खानापूर तालुक्यातल्या कक्केरीला. मुंबईच्या धारावीत त्यांच्या नावाचा रस्ता आहे. आपल्या गावात हे काम करणाऱ्यांची घरं वेशीबाहेर होती. आज आपण ड्रॉइंगरूममध्ये मांडीवर चामडं घेऊन बसतो आणि पाहुणे कौतुक करतात. ज्यांच्याकडून हे आलं त्यांना ते कौतुक मिळालेलं नाही. मला याचं वाईट वाटतं, आणि नुसतं वाईट वाटून भागत नाही असंही वाटतं.

म्हणून किमतीचा मुद्दा. आपल्यातले काही जण पिशव्या आता विकू लागलेत. विचारलं, कितीला दिली? तर उत्तर येतं, "सामानाचे निघाले की झालं, हौसच आहे." समजा पिशवीला चामडं, दोरा, बकल मिळून ९०० रुपये लागले, आणि कापण्यापासून कडा घासेपर्यंत १२ तास गेले. ती १००० ला दिली तर बारा तासांचे शंभर रुपये झाले. आपलं घर पगारावर किंवा पेन्शनवर चालतं, आपल्याला चालेल. पण गिऱ्हाईक तीच किंमत घेऊन कारागिराच्या दारात उभं राहतं आणि म्हणतं, हातानंच केलेली पिशवी तिकडं हजाराला मिळते. त्याच्या घरात तर चामड्याची वेणी घालायला, शिवायला बायकाही बसलेल्या असतात आणि त्यांची मजुरी कुठल्याच हिशेबात धरत नाहीत. आपल्या हौसेचा भुर्दंड त्या घरानं का भरायचा?

तेव्हा भेट द्यायची तर खुशाल फुकट द्या. विकायची असेल तर आधी तास लिहा, त्या तासांना गवंडी किंवा सुतार रोजाचे जे घेतो त्या हिशेबानं मजुरी लावा, वर सामान धरा आणि तोच आकडा सांगा. महाग वाटून गिऱ्हाईक गेलं तर जाऊ द्या. तुम्ही नाही विकलीत तरी तुमची चूल पेटणार आहे. चांगलं चालतंय आणि मागणी वाढली, तर शिवण एखाद्या कारागीर कुटुंबाकडं द्या, पिशवीवर त्यांचं नाव घाला, पैसे उधारीवर ठेवू नका.

टेबलावर पाठीचे आणि पोटाकडचे तुकडे वेगळे ठेवलेत. शेजारी अर्धी शिवलेली एक पिशवी आहे, दोन्ही सुया तशाच लावून ठेवल्यात. मुडपून बघा, चार टाके घालून बघा, आणि ज्यांना अथणीला यायचंय त्यांनी नावं लिहून द्या, म्हणजे तिकडच्या मामांना किती जण येणार आणि शिकवणीचे किती द्यायचे ते आधीच विचारून घेता येईल.