नाउरू बेट आणि त्याचा बेभरवशाचा पाऊस

(मुंबईत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

श्रोतेहो, प्रशांत महासागरातील नाउरू हे स्वतंत्र राष्ट्र अवघे 21 चौरस किलोमीटरचे आहे. आपल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात अशी जवळजवळ पाच बेटे मावतील. ते विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम अर्ध्या अंशावर आहे आणि त्याचे सर्वांत जवळचे शेजारी, किरिबातीचे बानाबा बेट, पूर्वेला सुमारे 300 किलोमीटरवर आहे. आज हे बेट निवडण्याचे कारण त्याचा पाऊस. नाउरूची वार्षिक सरासरी 2,000 मिलिमीटरच्या थोडी वर, म्हणजे कुलाब्याच्या आसपासच भरते. असे असूनही तेथील लोकांना पिण्याच्या पाण्यासाठी मुख्यतः समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या यंत्रांवर विसंबून राहावे लागते.

याचे पहिले उत्तर जमिनीखाली आहे. चार हजार मीटरहून खोल समुद्रतळावरून उठलेला एक मृत ज्वालामुखी, त्याच्या माथ्यावर प्रवाळाने रचलेला चुनखडक आणि तो उचलला जाऊन पाण्याबाहेर आलेला, अशी या बेटाची घडण आहे. चुनखडक भेगांनी आणि पोकळ्यांनी पोखरलेला असल्यामुळे पडलेले पाणी वाहत नाही, थेट खाली जाते. नाउरूवर एकही नदी नाही. जमिनीत मुरलेले गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने त्यावर तरंगते खरे, परंतु खडक इतका सच्छिद्र आहे की भरती-ओहोटीबरोबर समुद्र आत-बाहेर करतो आणि हा गोड्या पाण्याचा थर पातळ, तुटक व बराचसा मचूळ राहतो. आपल्याकडे निदान तानसा आणि वैतरणा आहेत. नाउरूला पाणी अडवण्यासाठी दरीच नाही. बेटाच्या नैर्ऋत्येकडे बुआडा नावाचे एक लहानसे तळे आहे, त्याभोवती नारळी-केळी आहेत, पण त्यावर देश जगू शकत नाही.

दुसरे उत्तर आकाशात आहे, आणि मला तेच अधिक महत्त्वाचे वाटते. मुंबईचा पाऊस कितीही लहरी म्हटला, तरी तो जूनमध्ये येतो आणि सप्टेंबरअखेर परततो. नाउरूवर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने थोडे अधिक पावसाचे असतात, पण खरा फरक ऋतूंमध्ये नसून वर्षावर्षांमध्ये आहे. एखाद्या वर्षी 300 मिलिमीटरहूनही कमी, तर एखाद्या वर्षी 4,500 मिलिमीटरच्या घरात, अशा नोंदी या एकाच बेटाच्या आहेत. तापमान मात्र बाराही महिने 27-28 अंशांच्या आसपास खिळलेले असते, आणि विषुववृत्ताच्या इतक्या जवळ पृथ्वीच्या परिवलनाचा वाऱ्यांना वळवणारा परिणाम फार क्षीण असल्यामुळे चक्रीवादळांचे भय जवळजवळ नाही.

हा चढउतार कोठून येतो? पश्चिम प्रशांतात उबदार पाण्याचा प्रचंड साठा असतो आणि पूर्वेकडून, दक्षिण अमेरिकेच्या बाजूने, थंड पाण्याचा एक पट्टा विषुववृत्ताला धरून पश्चिमेकडे सरकलेला असतो. नाउरू या दोहोंच्या सीमेवर बसले आहे. ला निनाच्या काळात पूर्वेकडून येणारे व्यापारी वारे जोर धरतात, थंड पट्टा पश्चिमेकडे लांबतो, पावसाचे ढग इंडोनेशियाकडे ढकलले जातात आणि बेट कोरडे पडते. 1998 ते 2001 या काळात असे दीर्घ अवर्षण त्याने सोसले. एल निनोत वारे मंदावतात, उबदार पाणी पूर्वेला पसरते आणि नाउरूवर धो धो कोसळते. म्हणजे ज्या एल निनोच्या बातमीने आपल्या शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो, तीच तेथे टाक्या भरल्याची बातमी ठरते. (आपल्याकडेही हा नियम पक्का नाही, 1997 चा एल निनो अत्यंत बलवान असूनही त्या वर्षीचा भारतातील मोसमी पाऊस सरासरीइतका झाला होता.)

इतके छोटे बेट स्वतः हवेवर काही परिणाम करते का? करते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने 1998 मध्ये येथे वातावरणाची मोजमापे घेणारे केंद्र उभारले. दिवसा बेट तापते, वर उठणाऱ्या हवेतून लहान ढग तयार होतात आणि वारा त्यांना पश्चिमेकडे ओढून नेतो; उपग्रहचित्रांत ही ढगांची शेपटी बेटापासून दूरवर समुद्रात गेलेली दिसते. गंमत अशी, की केंद्र वाऱ्याच्या आडोशाच्या पश्चिम किनाऱ्यावर असल्याने ते ढग त्याच्याच माथ्यावरून जात आणि भोवतालच्या समुद्रापेक्षा तेथे कमी ऊन नोंदले जाई. समुद्राचे हवामान मोजायला गेलेले उपकरण काही अंशी बेटाचेच हवामान मोजत होते.

या बेटाचा मधला भाग म्हणजे पठार. तेथे 1907 पासून फॉस्फेटची निर्यात सुरू झाली आणि बेटाचा सुमारे चार पंचमांश भाग खणला गेला. चुनखडकाच्या सुळक्यांमधल्या खाचांतून फॉस्फेट खरवडून काढले गेले. मागे उरले माणसाहून कितीतरी उंच, करड्या रंगाचे, एकमेकांना खेटून उभे असलेले सुळके. त्या पठारावर पूर्वी उंडीचे रान होते. आपल्या कोकण किनाऱ्यावरची तेलाची उंडी तीच. खाणकाम भरात असताना फॉस्फेट न्यायला येणाऱ्या जहाजांतूनच बेटासाठी पाणी आणले जाई. ती सोय खाणीबरोबरच आटली.

आता वस्ती, रस्ता आणि विमानतळाची धावपट्टी हे सारे किनाऱ्यालगतच्या काही शे मीटर रुंदीच्या सखल पट्ट्यात आहे आणि समुद्राची पातळी वाढत असल्याने सरकार लोकांना पठारावर हलवण्याची योजना आखते आहे. त्यासाठी सुळके फोडून सपाटीकरण करावे लागेल, मातीची भर घालावी लागेल आणि घरोघरी पावसाचे पाणी साठवण्याच्या टाक्या बांधाव्या लागतील. त्या टाक्यांचा आकार 2,000 मिलिमीटरची सरासरी धरून ठरवला, तर पहिल्याच मोठ्या ला निनात त्या कोरड्या पडतील. हिशेब सलग दोन-तीन कोरड्या वर्षांचा धरावा लागेल.