धाप लागते तेव्हा स्नायूंत काय होतं

ही नारिंगी, चघळायची गोळी व्हिटॅमिन सीची, 500 मिलिग्रॅम. शेजारची हिरवी मऊ कॅप्सूल व्हिटॅमिन ईची, 400 मिलिग्रॅम. वर्षानुवर्षं बैठं काम केलेल्या माणसानं व्यायाम सुरू करायचं ठरवलं, की बुटांबरोबर या गोळ्याही घरात येतात. व्यायामानं फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करू शकणारे अतिक्रियाशील रेणू, वाढतात, त्यावर उतारा हवा, असं ऐकलेलं असतं.

फ्री रॅडिकल्स वाढतात, हे खरंच आहे. स्नायू जोरात आकुंचन पावू लागले की त्यांत सुपरऑक्साइड तयार होतं, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड. सवय नसलेल्या शरीरात त्याला आवरणारी एंझाइम्स तोकडी पडतात. पण हेच हायड्रोजन पेरॉक्साइड पेशीच्या केंद्रापर्यंत सांगावा पोचवतं: काम वाढलंय, तयारी वाढवा. मग पीजीसी-1 अल्फा नावाचं प्रथिन कामाला लागतं, नवी मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जा तयार करणारी केंद्रं, घडतात आणि आवरणारी एंझाइम्सही वाढतात. गोळीचा मोठा डोस हा सांगावाच क्षीण करू शकतो.

जर्मनीत 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तरुण पुरुषांनी चार आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, रोज 85 मिनिटं व्यायाम केला. त्यांत व्यायामाची सवय नसलेलेही होते. काहींना रोज 1000 मिलिग्रॅम सी आणि 400 आंतरराष्ट्रीय युनिट (व्हिटॅमिन मोजायचं एक वेगळं माप) ई दिलं. मग शिरेतून इन्सुलिन सोडून, साखर एकाच पातळीवर राखायला किती ग्लुकोज द्यावं लागतं ते मोजलं. जास्त लागलं, म्हणजे शरीर इन्सुलिनचं जास्त ऐकतं. गोळ्या न घेणाऱ्यांत हा आकडा वाढला. घेणाऱ्यांत वाढला नाही. घरात मधुमेह आहे म्हणून चालायला लागलेल्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

अर्थात व्यायाम पूर्ण वाया जातो, असं म्हणणं चूक ठरेल. ऑस्लोत 2014 साली 11 आठवड्यांच्या चाचणीत दोन्ही गटांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सारखीच वाढली. स्नायूंतलं मायटोकॉन्ड्रियाचं प्रथिन मात्र गोळ्या न घेणाऱ्यांतच वाढलं.

रोजची गरज केवढी? पुरुषांना 80 मिलिग्रॅम सी, स्त्रियांना 65. शंभर ग्रॅम पेरूत सुमारे 200 मिलिग्रॅम असतं, खुशाल खा. मूतखडा झालेल्यांनी सीचे मोठे डोस आणि रक्त पातळ करणारी औषधं चालू असलेल्यांनी ई, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. बी-12, डी किंवा लोहाची गोळी डॉक्टरांनी कमतरतेसाठी दिली असेल, तर ती बंद करायची नाही.

सुरुवात सपाट रस्त्यावर, दहा मिनिटं. बोलता यावं, गाता येऊ नये, इतका वेग. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत अर्ध्या तासावर या. छातीत दुखलं किंवा दाटून आलं, तर थांबा आणि लगेच वैद्यकीय मदत घ्या.

गड मात्र लगेच नको. चढताना धाप लागते, पण मांड्या धरतात त्या उतरताना, कारण शरीराचं वजन पेलत स्नायू ताणले जातात आणि त्यांचे धागे उसवतात. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं, जिन्याचा कठडा धरून उतरावं लागतं. त्यावरही या गोळ्यांचा जाणवण्याजोगा उपयोग नाही. 2017 साली 50 अभ्यास एकत्र तपासून हेच दिसलं. काही आठवड्यांच्या आत तीच वाट पुन्हा उतरा, मांड्या पहिल्याइतक्या दुखणार नाहीत.