तेलाने तोंड धुताना

(मे महिन्यातली दुपार. फोंड्याजवळचं एक घर, अंगणात कोकमं सुकत घातलीयत.)

गोव्यात या दिवसांत बाहेरून घरी आलं की पहिलं काम म्हणजे बेसिनपाशी जाऊन तोंडावर पाणी मारणं. घाम जातो, धूळ जाते, बरं वाटतं. पण सकाळी लावलेलं सनस्क्रीन, काजळ आणि त्वचेतून सुटलेला चिकट थर बराचसा तिथंच राहतो, कारण हे सगळं तेलकट असतं आणि तेलकट गोष्ट नुसत्या पाण्याला दाद देत नाही, ती तेलातच विरघळते. तेलाने चेहरा साफ करायची पद्धत एवढ्याच गोष्टीवर चालते. तेल तर आपल्या घराघरात आहे, फक्त कुठलं तेल कुणी लावायचं, आणि लावलं की ते काढायचं कसं, हे फारसं कुणी सांगत नाही.

(स्वयंपाकघर. चुलीवर कढई, आत नारळाचं दूध.)

आज्जी आवेल तेल, म्हणजे ओल्या नारळाच्या दुधाचं तेल, काढतायत. ओला नारळ खवून, वाटून, पिळून काढलेलं दूध मंद आगीवर ठेवलंय. आधी नुसता पांढरा फेस दिसतो, मग पाणी आटत जातं, चोथा खाली बसून बदामी व्हायला लागतो आणि कडेकडेने तेल सुटतं. आता जरा आवाज ऐका, ही तडतड चालू आहे म्हणजे आत अजून पाणी आहे. "तडतड थांबल्याशिवाय उतरायचं नाय गो, नायतर लगेच खवट होतं," आज्जी सांगतात, आणि ते शंभर टक्के खरंय, तेलात पाणी राहिलं की ते टिकत नाही, आणि खवट तेल चेहऱ्याला अजिबात लावू नये.

हे काही आजकालचं नाही. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं, त्यातसुद्धा ओल्या नारळाचं तेल वेगळं आणि सुक्या खोबऱ्याचं वेगळं सांगितलंय.

(तळहातावर तेल. क्लोजअप.)

आता पद्धत बघा. चेहरा कोरडा पाहिजे, हातही कोरडे. बरेच जण आधी तोंड ओलं करतात आणि मग तेल लावतात, तिथेच गडबड होते, कारण पाण्यामुळे तेल मळाला नीट भिडतच नाही. अर्धा चमचा तेल पुरे. हलक्या बोटांनी मिनिटभर फिरवायचं, नाकाच्या बाजूला आणि हनुवटीवर थोडं जास्त, रगडायचं मात्र नाही. लेन्स असतील तर आधीच काढून ठेवा.

मग खरं काम, तेल काढणं. बाजारातल्या क्लिन्झिंग ऑइलमध्ये इमल्सिफायर, म्हणजे तेल आणि पाणी एकत्र मिसळवणारा पदार्थ, असतो, म्हणून ते पाणी लागताच दुधासारखं होऊन निघून जातं. आपल्या खोबरेलात तसलं काही नाही, त्यावर कितीही पाणी ओता, पाणी आपलं ओघळून जातं आणि तेल तिथंच राहतं. म्हणून जुन्या मऊ सुती पंच्याचा तुकडा सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून, पिळून, थोडा वेळ चेहऱ्यावर धरायचा आणि हलक्या हाताने टिपायचं, दोन-तीनदा, दर वेळी कपड्याची स्वच्छ बाजू घेऊन. त्यानंतर सौम्य फेसवॉश किंवा अगदी पातळ कालवलेलं बेसन. ही पायरी कंटाळा करून सोडू नका प्लीज, "तेल लावलं आणि पिंपल्स आले" म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी जण तेल तसंच ठेवून झोपलेले असतात.

(तीन बाटल्या, खिडकीतला उजेड.)

पण सगळ्यांना खोबरेल चालतंच असं नाही. तेलं ज्या फॅटी अॅसिडांची बनलेली असतात त्यातलं लॉरिक अॅसिड खोबरेलात जवळजवळ निम्मं असतं, आणि एकूणच ते घट्ट होणारं तेल, म्हणून डिसेंबरातल्या पहाटे बाटलीत गोठलेलं दिसतं. कोरड्या त्वचेला ते छान मानवतं, पण ज्यांना पुळ्या येतात त्यांची छिद्रं त्याने बुजू शकतात. अशांनी सूर्यफुलाचं साधं तेल घ्यावं, त्यात लिनोलेइक अॅसिड हे दुसरं फॅटी अॅसिड जास्त असतं, अंगाला हलकं लागतं आणि महागही नाही. तिळाचं मधलं. एरंडेल फार दाट, घ्यायचंच तर दुसऱ्या तेलात चार थेंब. मोहरीचं नकोच, चेहरा चुरचुरतो, आणि केसांची सुगंधी तेलं तर चेहऱ्यापासून लांबच बरी.

भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तूप, इथल्या मातीतलं खरं धन आहे असं मला मनापासून वाटतं. बिया सुकवून, कुटून, पाण्यात उकळल्या की वर तवंग येतो, तो गार करून हाताने गोळे वळतात. उन्हाळ्यातसुद्धा बहुतेक वेळा घट्टच राहतं, म्हणून चेहरा धुवायला उपयोगाचं नाही, पण फुटलेले ओठ आणि टाचांच्या भेगा यांना त्याच्यासारखं काही नाही.

कुठलंही तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस बघा. आणि आपल्या दमट हवेत एक गोष्ट लक्षात ठेवा, कपाळावर सारख्या आकाराचे बारीक खाजरे पुरळ असतील तर ते यीस्टमुळे, म्हणजे त्वचेवरच्या एका बुरशीमुळे, असू शकतं, आणि ते यीस्ट तेलातल्या फॅटी अॅसिडवरच पोसतं, तेव्हा तेल ताबडतोब बंद. दुखणाऱ्या, पू भरलेल्या पुळ्यांना घरचे उपाय करत बसू नका, बांबोळीला जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, स्किनची ओपीडी आहे, तिथे दाखवा.

(दोरीवर सुती तुकडे वाळतायत, मागे पावसाचे ढग.)

राहिला कपडा. एकदा वापरलेला तुकडा साबणाने गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवल्याशिवाय परत चेहऱ्याला लावायचा नाही. जूनपासून इथे काहीच धड वाळत नाही, म्हणून सात-आठ तुकडे फाडून ठेवा, आणि धुतल्यावर ओलसर वाटले तर वरून गरम इस्त्री फिरवा.