लेड प्लग आणि मेट्रोचं दार

(भुसावळच्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, ही पितळी वस्तू हातात घेऊन बघा आणि शेजारच्याला द्या. मागच्या ओळीपर्यंत जाऊ द्या. भुसावळच्या लोको शेडमध्ये ज्यांचे वडील, आजोबा होते त्यांच्या ती ओळखीची असेल. हा लेड प्लग. वाफेच्या इंजिनात फायरबॉक्सच्या, म्हणजे आगीच्या पेटीच्या, छतात बसवलेला असायचा. मधोमध शिसं ओतलेलं. छतावर बॉयलरचं पाणी आहे तोवर शिसं घट्ट राहतं. पाणी उतरलं, छत उघडं पडलं, की ३२७ अंशांना शिसं वितळतं आणि त्या भोकातून वाफ थेट आगीवर येते. फायरमनला लगेच कळतं की आता बॉयलरला धोका आहे.

माझे वडील शेडमध्ये फिटर होते. ते म्हणायचे, "डायवर झोपला, काच तुंबली, तरी शिसं जागं राहतं, भो." काच म्हणजे बॉयलरमधलं पाणी दाखवणारी नळी. मी पुढे सिग्नल खात्यात गेलो आणि नोकरीभर त्या शिशासारखंच काहीतरी शोधत राहिलो.

आपल्या खानदेशात मेट्रो नाही. पण जळगाव-धुळ्याच्या कितीतरी घरांतलं एखादं पोरगं पुण्याला नाहीतर मुंबईला आहे आणि रोज मेट्रोनं कामाला जातं. लोक मला विचारतात, "आता सगळं कॉम्प्युटरवर चालतं, म्हणजे काळजी नाही ना?" या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणून मोकळं होता येत नाही.

लंडन आणि न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत शंभर वर्षांहून जुनं एक साधन आहे, ट्रेन स्टॉप. सिग्नल लाल असला की रुळाशेजारी एक लोखंडी दांडी उभी राहते. गाडीच्या खाली ब्रेकच्या हवेचा एक कॉक, म्हणजे तोटी, लोंबत असतो. मोटरमननं लाल सिग्नल ओलांडला की तो कॉक दांडीवर आदळतो, हवा सुटते आणि ब्रेक लागतात. खरी गंमत दांडीच्या रचनेत आहे. तिला खाली दाबून धरायला ताकद लागते. वर यायला काही लागत नाही, स्प्रिंग तिला वर ढकलते. वीज गेली, हवा गेली, तार तुटली, तरी दांडी वरच येते. आमच्या धंद्यात पहिला प्रश्न हाच असतो: बिघडलं तर ते कुठल्या बाजूला पडेल?

पण दांडीला वेग कळत नाही. ५ जून १९९५ ला न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर दांडीनं तिचं काम चोख केलं, ब्रेक लागले, आणि तरीही गाडी पुढच्या गाडीवर आदळली. मोटरमन दगावला. तिथल्या सिग्नलमधली अंतरं १९१८ सालच्या हळू गाड्यांच्या हिशोबानं ठेवलेली होती. गाड्या बदलल्या, अंतरं तशीच राहिली.

त्याआधी २८ फेब्रुवारी १९७५ ला लंडनच्या मूरगेट स्टेशनात एक गाडी ब्रेक न लावता थेट बोगद्याच्या बंद टोकाला धडकली. ४३ माणसं गेली. डेड मॅन हँडल होतं. चालकाचा हात सुटला की गाडी थांबवणारं हे साधन. पण हात सुटलाच नाही, आणि तो हात जाणता आहे का हे हँडल विचारत नाही. चालकाला काय झालं होतं याचा उलगडा आजवर झालेला नाही. आजचं इलेक्ट्रॉनिक संरक्षण तिथं असतं, तर वेग आणि उरलेलं अंतर क्षणाक्षणाला मोजून त्यानं गाडी आधीच थांबवली असती. म्हणून 'जुनं तेच बरं' म्हणणाऱ्यांना माझी साथ नाही. दीड-दोन मिनिटांना एक गाडी सोडायची तर मोजणारं यंत्र हवंच.

आता दुसरी बाजू. रुळात गाडी आहे की नाही हे ट्रॅक सर्किट सांगतं. जुन्या सर्किटात रुळातून वीज सोडायची आणि पलीकडे रिले, म्हणजे वीज असेतो पट्टी उचलून धरणारा स्विच. गाडीची चाकं आली की वीज तिथंच वळते, रिलेची पट्टी स्वतःच्या वजनानं पडते, सिग्नल लाल. तार तुटली तरी पट्टी पडतेच. इथंही पुन्हा तेच शिसं.

वॉशिंग्टनच्या मेट्रोत हेच काम इलेक्ट्रॉनिक उपकरणं करत होती. २२ जून २००९ ला फोर्ट टॉटन स्टेशनाजवळ एक गाडी उभी होती. रूळ मोकळा असल्याची जी विजेची खूण रुळातून यायची, ती उपकरणांच्या कपाटातूनच झिरपून रिसीव्हरपर्यंत, म्हणजे खूण घेणाऱ्या उपकरणापर्यंत, पोहोचत राहिली. रिसीव्हरला वाटलं, मार्ग मोकळा आहे. मागच्या गाडीला पूर्ण वेगाचा हुकूम मिळाला. त्या गाडीच्या चालक बाईंनी समोर गाडी दिसताच इमर्जन्सी ब्रेक लावला, पण अंतर उरलं नव्हतं. त्या आणि आठ प्रवासी, अशी नऊ माणसं गेली. नियंत्रण कक्षात असल्या बिघाडाच्या सूचना रोज इतक्या यायच्या की माणसांचं तिकडे लक्षच राहिलं नव्हतं. मला या अपघातातली ही गोष्ट सगळ्यात जास्त छळते. उपकरण बिघडलं, आणि 'सगळं ठीक आहे' या बाजूला पडलं.

आपल्या देशातलं एक सांगतो. १४ डिसेंबर २०२३ ला दिल्लीच्या इंदरलोक स्टेशनवर एका बाईंचे कपडे मेट्रोच्या दारात अडकले. गाडी निघाली, त्या फरफटत गेल्या आणि पुढे दवाखान्यात वारल्या. दाराला अडथळा कळतो, पण एका ठरावीक जाडीच्या वरचाच. जाड वस्तू कळते. साडीचा पदर, ओढणीचं टोक हे दाराच्या लेखी कागदासारखं. दार मिटल्याची खूण येते, गाडीला निघायची परवानगी मिळते. बाया-बापड्यांनो, पदर आवरून चढा हे मी सांगतोच, पण दोष पदराचा नाही. फलाटावर काचेची दारं, मोठे आरसे, दारांच्या ओळीवरून नजर फिरवणारा माणूस, हे सगळं हवं. आपल्या लाईनीवर गार्ड पूर्ण गाडी न्याहाळून मगच हिरवी झेंडी दाखवायचा. ते न्याहाळणं काढून टाकायचं असेल तर त्याच्या जागी काय ठेवलं, हे आधी सांगितलं पाहिजे.

साखळीबद्दल बोलायला जड जातं. २२ जानेवारी २०२५ ला पाचोऱ्याजवळ परधाड्याला काय झालं ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. पुष्पकमध्ये आगीची अफवा, साखळी ओढली, गाडी थांबली. साखळीनं तिचं काम केलं. माणसं घाबरून शेजारच्या रुळावर उतरली आणि तिथून कर्नाटक एक्स्प्रेस आली. मेट्रोत हा धोका आणखी मोठा. काही ठिकाणी रुळाशेजारीच ७५० व्होल्टचा तिसरा रूळ असतो. म्हणून मेट्रोत साखळीऐवजी चालकाशी बोलायचं बटण असतं.

पण थांबलेल्या गाडीचं दार उघडेना तर? १८ फेब्रुवारी २००३ ला दक्षिण कोरियात देगूच्या मेट्रोत एकानं आग लावली. समोरून आलेली दुसरी गाडी तिच्या शेजारी येऊन थांबली. तिचा चालक मुख्य किल्ली काढून निघून गेला आणि दारं बंद राहिली. १९२ माणसं गेली, त्यांतली बहुतेक या दुसऱ्या गाडीतली. दारं हातानं उघडायची सोय त्या डब्यांत होती. अंधारात, धुरात ती कितीजणांना सापडणार?

पुण्याला पोराकडे जाल तेव्हा मेट्रोत बसल्यावर दोन गोष्टी डोळ्यांनी बघून ठेवा: बोलायचं बटण कुठं आहे आणि दार हातानं उघडायची मूठ कुठं आहे. गाडी उभी असल्याशिवाय आणि उतरायला सांगितल्याशिवाय त्या मुठीला हात लावायचा नाही. नातवंडांनाही दाखवा, त्यांच्या लक्षात जास्त राहतं.

प्लग कुठवर पोहोचला? मागच्या ओळीत आहे वाटतं. त्या ताईंना काही विचारायचंय, माईक त्यांच्याकडे द्या.