आतड्यातल्या ठशाचा माग
(लघु माहितीपटासाठी निवेदन)

(पडद्यावर: सूक्ष्मदर्शकातून दिसणारी काचेची सुई)

ही सुई काचेची आहे. तिचं टोक नुसत्या डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. समोरचा हा पारदर्शक फुगा म्हणजे तबकडीत वाढवलेलं इवलंसं आतडं. माणसाच्या आतड्यातल्या मूलपेशी, म्हणजे ज्यांपासून नव्या पेशी घडतात त्या, घ्यायच्या, त्यांना जेलचा आधार द्यायचा, हवं ते पोषण पुरवायचं. त्या आपणहून अशी पोकळी बांधतात. बाहेर पेशींचा एकच थर, आत मोकळी जागा. याला ऑर्गनॉइड म्हणतात.

सुई भिंतीला टेकली. भिंत दबली, ताणली गेली... आणि सुई आत. आता पोकळीत जो गढूळपणा पसरतोय, ते जिवाणू आहेत. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात अशा जिवाणूंचा हात आहे का, याचा हा माग.

(पडद्यावर: आतड्याच्या अस्तराचा रंगवलेला छेद)

आपल्या शरीरात जितक्या पेशी, साधारण तितकेच जिवाणू. त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात. त्यांचे आपल्यावर उपकारच आहेत. न पचलेल्या तंतूंपासून ते ब्युटिरेट नावाचं मेदाम्ल बनवतात आणि अस्तराच्या पेशी त्यावर पोसल्या जातात. हा निळा पट्टा पाहा, हा श्लेष्माचा, म्हणजे बुळबुळीत स्रावाचा, थर. तो शाबूत आहे तोवर जिवाणू पलीकडे, पेशी अलीकडे.

आणि खाली, या खाचांच्या तळाशी मूलपेशी. दर चार-पाच दिवसांनी अस्तर नवं होतं ते यांच्या जिवावर. वरच्या पेशीला इजा झाली तर ती गळून जाते. मूलपेशी मात्र राहते, आणि तिच्या डीएनएमधली चूक तिच्यापासून झालेल्या प्रत्येक पेशीत उतरते.

(पडद्यावर: पेट्री डिशमधल्या वसाहती)

हा ई. कोलाय. जवळपास प्रत्येकाच्या पोटात असतो आणि सहसा काही त्रास देत नाही. पण २००६ साली फ्रान्समधल्या तुलूझच्या संशोधकांना आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांना याच्या काही वाणांत जनुकांचा एक सलग पट्टा सापडला. तो पट्टा असलेले जिवाणू पेशींच्या सान्निध्यात ठेवले की पेशींचा डीएनए तुटायचा. विषाचं नाव ठेवलं कॉलिबॅक्टिन.

नाव मिळालं, पण विष हाती येईना. इतकं अस्थिर की वेगळं काढायला जावं तोवर विघटन. त्याची रचना उलगडायला २०१९ उजाडलं. तेरा वर्षं! रेणूच्या दोन्ही टोकांना एकेक आकडा असतो. एक आकडा डीएनएच्या एका धाग्यात अडकतो, दुसरा समोरच्या. दोन धागे एकमेकांना शिवून टाकल्यासारखे. पेशीला दुप्पट व्हायचं तर हा टाका उसवावाच लागतो, आणि उसवताना चुका राहतात.

(पडद्यावर: पुन्हा सुई. संशोधकाचा हात, जवळून)

याच चुका माणसाच्या कर्करोगाच्या गाठीत दिसतात का, हे पाहायचं होतं. नेदरलँड्समधल्या युट्रेख्ट इथे हान्स क्लेव्हर्स यांच्या गटानं काही ऑर्गनॉइडमध्ये कॉलिबॅक्टिन बनवणारा ई. कोलाय सोडला. काहींत तोच जिवाणू सोडला, फक्त विषाला लागणारं एक जनुक काढून. जिवाणू टोचायचे, पेशींना सावरू द्यायचं, पुन्हा टोचायचे. असं पाच महिने. पडद्यावरचा हा हात पाहा; श्वाससुद्धा जपून घेतला जातोय.

मग डीएनए वाचला. विष भोगलेल्या पेशींतल्या चुका वाटेल तिथे विखुरलेल्या नव्हत्या. डीएनएच्या चार अक्षरांपैकी ए आणि टी जिथे दाटीनं येतात, तिथेच त्या होत्या, ठरावीक धाटणीच्या. हा ठसाच होता. पाच हजारांहून अधिक गाठींच्या डीएनएमध्ये तो शोधला, तेव्हा तो प्रामुख्यानं मोठ्या आतड्याच्या कर्करोगात सापडला. साल होतं २०२०.

(पडद्यावर: संगणकावर सरकणारी डीएनएची अक्षरं)

२०२५ साली ११ देशांतल्या ९८१ रुग्णांच्या गाठी वाचून झाल्या. चाळिशीच्या आत आजार झालेल्यांत हा ठसा सत्तरीपुढच्यांपेक्षा ३.३ पट जास्त आढळला. तो उमटण्याचा काळ मोजला, तर बहुधा आयुष्याची पहिली दहा वर्षं. रोग होतो तेव्हा जिवाणू कदाचित आतड्यात उरलेलाही नसतो. ठसा असतो. ठसा आहे म्हणजे कर्करोग त्यानंच केला, असं मात्र सिद्ध होत नाही. विष बनवणारे हे वाण कित्येक निरोगी माणसांच्या पोटातही असतात.

(पडद्यावर: काचेची बंद पेटी, आत शिरलेले रबरी हातमोजे)

या पेटीत ऑक्सिजन नाही. इथे वाढणाऱ्या दुसऱ्या एका जिवाणूला तो सोसत नाही. फ्युजोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम: लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, मूळ मुक्काम दातांवरच्या कीटणात. २०१२ साली दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की मोठ्या आतड्याच्या गाठींत तो भरपूर असतो. तिथे तो पेशींना चिकटतो, त्यांच्या वाढीला चिथावतो, आणि चालून आलेल्या रोगप्रतिकारक पेशींना थोपवतो. २०१७ साली तर गाठीबरोबर यकृतापर्यंत गेलेला सापडला. माणसाच्या गाठीचा तुकडा उंदरात वाढवला, तिथेही तो जिवंत. त्या उंदरांना मेट्रोनिडॅझोल हे प्रतिजैविक दिल्यावर गाठीची वाढ मंदावली.

(पडद्यावर: वॉर्डातला रिकामा पलंग, खिडकीतून येणारं ऊन. दहा सेकंद निवेदन नाही.)

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे जगात वर्षाला सुमारे १९ लाख नवे रुग्ण, ९ लाखांहून अधिक मृत्यू.

(पडद्यावर: कोलोनोस्कोपीचं, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीतून केलेल्या तपासणीचं, चित्रण)

ही अस्तरावर उगवलेली छोटी गाठ, पॉलिप. अशा गाठीचा कर्करोग व्हायला बहुधा दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ लागतो. दुर्बिणीतून तारेचा फास पुढे येतोय. देठाभोवती बसला. आवळला.

गाठ निघाली. आता ती बाटलीत, फॉर्मॅलिनमध्ये, तपासणीला जाईल.