हिरवा डोंगर, पण कसला हिरवा?

(दृश्य : पावसाळ्यातला ब्रह्मगिरी, मग तेच उतार एप्रिलमध्ये)

श्रावणात नाशिकहून त्र्यंबककडे निघालात, तर इथल्या जंगलाला काही दुखतंय यावर विश्वास बसणार नाही. तोच रस्ता एप्रिलमध्ये पाहा. उघडे उतार, वर आलेला मुरूम, वणव्यानं काळे पडलेले पट्टे. गोदावरीच्या उगमाच्या या तालुक्यात कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरवर जगतात. पाऊस भरपूर पडतो. तो डोंगरात मुरत नाही.

झाडं लावण्यात मात्र आपण मागे नाही. २०१९ च्या एका पावसाळ्यासाठी राज्यानं ३३ कोटी रोपांचं लक्ष्य ठेवलं होतं. त्याच वर्षी भारतानं जगाला शब्द दिला : २०३० पर्यंत २ कोटी ६० लाख हेक्टर खराब झालेली जमीन पुन्हा सावरायची. शब्द हेक्टरांचा, हिशेब रोपांचा आणि फोटो खड्ड्यात रोप ठेवतानाचा. मार्चमध्ये त्याच खड्ड्याचा फोटो काढायला कुणी येत नाही.

(दृश्य : गुलाबी फुलांनी भरलेला उतार)

हे दृश्य सुंदर आहे, पण फसू नका. हा गिरिपुष्प. मूळचा मध्य अमेरिकेकडचा. भराभर वाढतो, गुरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून उघड्या डोंगरांवर तो सढळ हातानं लावला गेला. पाला शेताला खत म्हणून उत्तम, हे मान्य. पण त्याच्या दाटीत ऐन, धावडा, मोह ही इथली झाडं वर येताना क्वचितच दिसतात.

आणि ही सगळी इथं आहेतच. जमिनीखाली. साग, ऐन, पळस यांची खोडं तोडली, तरी बुंधे आणि मुळं वर्षानुवर्षं तग धरतात. दर पावसाळ्यात फुटवे येतात. मग शेळी शेंडा खाते, कुणी राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, फांद्या छाटतं, उरलंसुरलं वणव्यात जातं. झाड कमरेच्या वर जातच नाही. ज्याला आपण झुडूप समजतो, ते कधी कधी आपल्याहून वयानं मोठं असतं.

(दृश्य : रामशेजजवळचा बोरगड)

ही मुळं राखली तर काय होतं, ते पाहायला लांब जायला नको. नाशिक शहराला लागूनच बोरगड आहे. सुमारे साडेतीन चौरस किलोमीटरचा हा डोंगर २००८ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र झाला, राज्यातला पहिला. वनखातं, निसर्गप्रेमी आणि पायथ्याच्या गावकऱ्यांनी मिळून तो राखला. लागवड झाली, पण खरं काम राखणीचं.

जिथं झाडच नको, अशाही जागा असतात, हे सांगायला हवं. त्र्यंबकजवळच्या अंजनेरी डोंगराच्या पठारावर एक छोटी कंदीलपुष्प वनस्पती वाढते. २००६ मध्ये तिची शास्त्रीय नोंद झाली आणि अंजनेरीचंच नाव तिला मिळालं. तिला मोकळं, उथळ मातीचं पठार लागतं. येवल्याकडच्या ममदापूरच्या काळविटांनाही उघडं माळरानच हवं. तिथं खड्डे खणणं म्हणजे चांगल्या हेतूनं केलेली नासधूसच.

(दृश्य : वाळलेलं गवत, जाळरेषा काढणारी माणसं)

वणवा इथं क्वचितच आपोआप लागतो. जाळल्यावर गवत चांगलं फुटतं, हा जुना समज. कधी फेकलेली विडी पुरते. म्हणून उन्हं तापण्याआधी गवत कापून जाळरेषा, म्हणजे आग पुढं सरकू नये म्हणून मोकळे पट्टे, काढाव्या लागतात, आणि मग पाऊस येईपर्यंत डोंगरावर नजर ठेवावी लागते.

वन हक्क कायद्यानं सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेला आपलं जंगल राखायचा अधिकार आहे. पण अधिकार कागदावर मिळाला की चर्चा सुरू होते ती वेगळीच : कोणता उतार चराईला बंद करायचा, तोवर गुरं कुठं न्यायची, मोळीवर चूल चालणाऱ्या घरानं काय करायचं, आणि फेब्रुवारी ते मे राखणदाराची मजुरी कोणत्या निधीतून द्यायची. खड्ड्यांसाठी पैसे मिळतात. राखणदारासाठी मागायला गेलं, की तशी योजनाच नाही म्हणून सांगतात.